कादंबरी एकमताने मंजूर

"वाचायला वेळच मिळत नाही हो," हे वाक्य मी नोकरीभर ऐकलं, पण ते खाली मान घालून म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही. जो तो छाती पुढे काढूनच म्हणे. नवीन घड्याळ दाखवायचं असलं की माणूस बाही वर सारतो ना, तसं. डॉक्टर म्हणत, वकील म्हणत, इंजिनिअर म्हणत. आणि वर न विचारता सांगत, की कॉलेजात असताना मात्र आपण कादंबऱ्यांचा फडशा पाडायचो. कॉलेजात असताना प्रत्येकानेच फडशा पाडलेला असतो. कुठली कादंबरी, असं विचारलं की मात्र त्यांना कुठेतरी पोचायचं असतं.

मी ग्रंथपाल होते. बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, आणि वाचनालय होतं सहकारी साखर कारखान्याच्या गावातल्या कचेरीत, माडीवर. एक लांबट खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, दोन बाकं आणि चौकाकडे उघडणारी मोठी खिडकी. कारखान्याने ते काढलं होतं सभासदांच्या सांस्कृतिक उन्नतीसाठी, म्हणजे वार्षिक अहवालात तसं छापता यावं म्हणून. सभासद काही उन्नत व्हायला आले नाहीत. यायच्या त्या कॉलेजच्या पोरी. घरी बसून वाचायला त्यांना कोपरा नव्हता. पुस्तक हातात दिसलं की आई भांडी पुढ्यात टाकायची. इथे खिडकीपाशी बसून त्या संध्याकाळपर्यंत वाचत, आणि एखादी मध्येच नाक ओढायला लागली की मी पंख्याचा वेग वाढवायचे, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये. त्या खोलीचा एवढाच उपयोग होता आणि मला तो पुरेसा वाटायचा.

मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला. पाणी नाही म्हणून ऊस नाही, ऊस नाही म्हणून कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आणि एरवी दिवाळीच्या तोंडावर तोडणीला जाणाऱ्या टोळ्या दसऱ्याआधीच बैलगाड्या भरून पश्चिमेकडे निघून गेल्या. निम्मं गाव कुलपात गेलं. उरलेल्या निम्म्याला काम नव्हतं. आणि नेमकी त्याच वर्षी आमच्याकडची मोठी माणसं कधी नव्हती इतकी बिझी झाली. चारा छावणीची बैठक, टँकरची बैठक, पाहणीला आलेल्या साहेबांचं जेवण, त्या जेवणाच्या तयारीची बैठक. बंद पडलेल्या कारखान्याच्या संचालकांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती.

एक दिवस कारखान्याचे चेअरमन माडीवर आले. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, मागे दोन माणसं. त्यांनी कपाटांकडे पाहिलं नाही, पोरींकडे पाहिलं नाही. थेट खिडकीपाशी गेले आणि चौकातल्या टाकीकडे बघत उभे राहिले. सगळे टँकर याच टाकीत रिकामे व्हायचे.

"खिडकी लई कामाची हाय," ते म्हणाले. "टँकर आला का गेला, हितूनच दिसतंय. पुतण्याला बसवतो हितं."

खाली दोन खोल्या नुसत्या पडून आहेत, असं मी म्हटलं. त्यांत खताची पोती होती, ती एका दिवसात हलली असती.

"खाली उकडतंय लई. त्यो बसायचा न्हाई तिथं." मग ते पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "बाई, आन् हितं वाचतंय कोण? ह्या पोरी? पोरींचं काय, घरी वाचतील. मोठी मान्सं कोण येतेत? डॉक्टरसाब येतेत? वकीलसाब येतेत?"

मी म्हटलं, त्यांना वेळ मिळत नाही.

"मग," असं म्हणून ते हसले. "तुमी आसं करा. मोठ्या मान्सांना वाचायला लावा. म्हैनाभरानं समितीची मीटिंग घेऊ. त्यांनी वाचलं आसं दिसलं, तर मी ह्या खोलीला हात लावायचा न्हाई. शब्द हाय माझा."

वाचनालयाला एक सल्लागार समिती होती. ती कागदावर होती आणि कधी भरली नव्हती. तिच्यात डॉक्टर, वकील, पाणीपुरवठ्याचे इंजिनिअर आणि अध्यक्ष म्हणून स्वतः चेअरमन. थोडक्यात, पोरींची खोली टिकवायची तर मला महिन्याभरात तीन बिझी माणसांना एक कादंबरी वाचायला लावायची होती. बॉयलर पेटवणं सोपं होतं.

पहिल्यांदा डॉक्टरांकडे गेले. दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत आलेली. टँकरच्या पाण्याने गावाची पोटं बिघडली होती आणि बाया पोरं खांद्यावर टाकून उन्हात उभ्या होत्या. मी रांगेतच उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा डॉक्टरांनी सवयीने माझी नाडी धरली. मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी ते हातात तोलून पाहिलं आणि परत दिलं.

"एवढं जाड? बाई, थोडक्यात सांगा ना काय आहे त्यात."

"तुम्ही पेशंटला थोडक्यात तपासता का?"

"तपासतो की," ते म्हणाले आणि पुढच्या बाईला हाक मारली. खरं बोलले, एवढं मात्र मान्य करायला हवं.

वकिलांकडे काचेचं कपाट होतं. आत सोनेरी अक्षरांच्या कादंबऱ्या ओळीने उभ्या. कपाटाची किल्ली त्यांचं घर बांधून झालं त्याच वर्षी हरवलेली, आणि त्यामुळे कुणाचंच काही अडलं नव्हतं. त्यांनी मला चहा पाजला आणि वाचनाने माणूस कसा समृद्ध होतो यावर इतका वेळ बोलले, की तेवढ्यात पन्नास पानं सहज झाली असती. मला, ग्रंथपालाला, ते वाचनाचं महत्त्व सांगत होते. शेवटी म्हणाले, "तुम्ही फक्त सारांश पाठवून द्या."

इंजिनिअरसाहेबांचे दोन मोबाइल होते आणि ते दोन्हींवर बोलत होते. मधल्या फटीत त्यांनी मला सांगितलं, की ते फक्त यशस्वी कसं व्हावं याची पुस्तकं वाचतात. "खोट्यानाट्या गोष्टी वाचून फायदा काय, मॅडम?" हे म्हणताना ते टँकरच्या खेपांवर सह्या करत होते. त्या कागदावरच्या खेपा आणि आमच्या चौकात आलेल्या खेपा यांचं एकमेकींशी नातं नव्हतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. रचलेल्या गोष्टींचा या माणसाला तिटकारा होता म्हणे.

तिघांनाही हवं होतं ते एकच, थोडक्यात. ते मी देणार नव्हते. कुणाच्या लग्नाला न जाता जेवणाचा डबा मागवावा, तसला हा प्रकार. कादंबरीत काय आहे ते थोडक्यात सांगता येत असतं, तर लिहिणाऱ्याने थोडक्यातच लिहिलं असतं. त्याला काय हौस होती?

उपाय दुष्काळानेच सुचवला. त्या वर्षीच्या उन्हाने बांधणीची खळ सुकून पुस्तकांचे कणे तडकायला लागले होते. मी परत येऊन तीच कादंबरी टेबलावर ठेवली, तर ती मधोमध उलली आणि तिचे तीन तुकडे माझ्या हातात आले. प्रत्येक तुकडा बोटभर जाडीचा. औषधाच्या चिठ्ठ्यांच्या पॅडखाली सरकेल एवढा, वकिली कोटाच्या खिशात बसेल एवढा. जाडीला भितात ना, मग घ्या पातळ. मी दाभण घेऊन तिन्ही तुकडे शिवले आणि त्यांना कव्हर घातलं कारखान्याच्या जुन्या कॅलेंडरचं. जाड कागद गावात दुसरा नव्हताच. त्यामुळे प्रत्येक भागावर चेअरमनसाहेबांचा हात जोडलेला फोटो आला.

कादंबरी चांगली होती. लग्न ठरलेली एक मुलगी मुहूर्ताच्या आदल्या दिवशी घर सोडते, इथे पहिला भाग संपायचा. दुसऱ्यात ती लांबच्या गावी एका रंगाऱ्याकडे कापड रंगवायला राहते, हात कोपरापर्यंत निळे होतात, आणि शेवटच्या पानावर एका सकाळी दाराबाहेर तिच्या बापाचा आवाज येतो. ती कडीवर हात ठेवते, आणि दुसरा भाग संपतो. पुढचं सगळं तिसऱ्यात.

वकिलांना पहिला दिला, डॉक्टरांना दुसरा, इंजिनिअरांना तिसरा. एकच प्रत होती, काय करणार. ज्याला पहिला मिळाला नाही त्याला आधीच्या भागांची हकीकत मी तोंडी सांगितली, तीही नीट, सावकाश, त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे दुर्लक्ष करून. आठवड्याने बदलून देईन, असं ठरलं. आठवड्याने गेले तर वकील म्हणाले, "चाललंय, राहू द्या." इंजिनिअर म्हणाले, "चालू आहे, राहू द्या." डॉक्टरांनी नुसता हात हलवला. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. महिना संपला आणि एकाही भागाने जागा सोडली नाही.

मीटिंग आमच्याच खोलीत झाली. पोरींना मी त्या दिवशी सुट्टी दिली. चौकात घागरींची रांग लागलेली होती आणि वर टेबलावर बाटलीबंद पाणी.

कारखान्याची वार्षिक सभा ज्याने पाहिली नाही, त्याला इथे एक गोष्ट सांगायला हवी. मांडवात हजारभर सभासद बसलेले असतात. मागे पुऱ्या तळायला घेतलेल्या असतात. अहवाल घरोघर पोचलेला असतो आणि लोणच्याच्या बरणीवर बांधलेला असतो. चेअरमन विषय पुकारतात, "वाचला असं समजायचं का?" म्हणून विचारतात, आणि सगळा मांडव पुऱ्यांच्या वासाकडे तोंड करून "मंजूर, मंजूर" म्हणतो. कारखाना उभा राहिला तो असा आणि बंद पडला तोही असाच. आमच्याकडे सभा म्हणजे हेच. दुसऱ्या तऱ्हेने सभा घेता येते, हे कुणाला माहीतच नाही.

तेव्हा चेअरमनांनी चष्मा लावला आणि म्हणाले, "इषय पैला. कादंबरी. समितीनं वाचली आसं समजायचं का?"

"मंजूर," वकील म्हणाले.

"मंजूर," इंजिनिअर म्हणाले. त्यांचा अंगठा मोबाइलवर चालूच होता.

माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, निदान दोन शब्द तरी बोला. वकील तयारच होते. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, की कादंबरीचा शेवट विशेष चटका लावून जातो. त्यांच्याकडे पहिला भाग होता. मग इंजिनिअर म्हणाले, सुरुवात जरा संथ वाटली, पण पुढे पकड घेते. त्यांच्याकडे तिसरा. दोघांनीही एकमेकांच्या मताला मान डोलावली. जे हातात होतं त्यावर चुकूनही बोलले नाहीत. माणूस खोटं बोलताना निदान जवळचं तरी उचलतो, यांना तेवढाही आळस झटकता आला नव्हता.

"झालं तर," चेअरमन म्हणाले. "कादंबरी येकमतानं मंजूर."

लाज वाटायची ती त्यांना वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटली नाही. खोली राहिली, एवढंच माझ्या डोक्यात होतं. डॉक्टर या सगळ्यात कधी आले ते मला कळलंच नाही. उशिरा येऊन ते कोपऱ्यातल्या बाकाच्या टोकाला बसले होते, मान खाली. दमलेत, असं मला वाटलं.

"इषय दुसरा," चेअरमन त्याच सुरात म्हणाले. "दुष्काळ हटस्तोवर ही खोली टँकरच्या कामाला देणं. मंजूर?"

"मंजूर."

"मंजूर."

तिसरा मंजूर कोपऱ्यातून आला. डॉक्टरांनी हातही थोडा वर केला होता. मी वळून पाहिलं. त्यांच्या मांडीवर, बाकाच्या आड, चेअरमनांचा फोटो असलेलं माझं कव्हर उघडं पडलं होतं आणि दुसऱ्या हाताचं बोट ओळीवर होतं. हात वर करून हा माणूस पुढची ओळ वाचत होता.

मी चेअरमनांना म्हटलं, "तुम्ही शब्द दिला होता."

"दिल्ता की. म्हनून तर समितीम्होरं ठिवलं. मी लावला का खोलीला हात? समितीनं लावला." त्यांनी बाटलीतलं उरलेलं पाणी खिडकीतून ओतून दिलं आणि उठले.

दोन दिवसांत कपाटं खाली खताच्या पोत्यांशेजारी गेली आणि त्या खोलीला कुलूप लागलं. म्हणजे पोत्यांच्या खोलीत माणसाला बसता येत नव्हतं, पुस्तकांना येत होतं. वर पुतण्या बसला. बसला म्हणजे, त्याच्यासाठी एक कॉट टाकली. पोरींतल्या दोघीतिघी काही दिवस जिन्याच्या पायरीवर येऊन बसायच्या, मग त्याही यायच्या बंद झाल्या. एकीचं त्याच उन्हाळ्यात लग्न उरकलं. दुष्काळात लग्नं घाईगर्दीत उरकतात, जेवणावळी लहान असल्या तरी कुणी नाव ठेवत नाही.

भाग परत घ्यावेत म्हणून मी फिरले. वकिलांचा पहिला भाग जसा दिला तसा मिळाला, चिकटलेली पानंसुद्धा सुटली नव्हती. इंजिनिअरांची गेवराईला बदली झाली होती. फोनवर त्यांना आठवेचना. "कुठलं हो? साहेबांचा फोटो असलेलं? ते टँकरवाल्याने नेलं. गाडीच्या काचेला लावतो म्हणाला." मी धारूरच्या घाटातून येणाऱ्या टँकरांवर नजर ठेवली आणि एक दिवस खरंच दिसला. काचेच्या आतून आमचा तिसरा भाग दोरीने बांधलेला, चेअरमनांचे जोडलेले हात रस्त्याकडे. ड्रायव्हर म्हणाला, "हे आसलं म्हंजी कुनी आडवत न्हाई बगा, बाई." मी मागितला तर द्यायला तयार होईना. नंतर तो टँकरच दिसेनासा झाला.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका सकाळी डॉक्टर माझ्या घरी आले. दवाखान्याच्या वेळेला. हातात दुसरा भाग, कोपरे मऊ पडलेले.

"बाई, वर गेलो होतो. तिथं कॉटवर कुणीतरी झोपलंय. याच्या पुढचा भाग कुठाय?"

मी सांगितलं, टँकरबरोबर गेला.

ते पायरीवरच बसले. मग म्हणाले, "तुम्हाला पाठ असेल ना? तिनं कडी काढली का?"

आता थोडक्यात सांगा म्हणतील, म्हणून मी वाट पाहिली. म्हणाले नाहीत. तेव्हा मी त्यांना आत बोलावलं आणि तिसरा भाग सांगायला घेतला, बापाच्या वहाणांवरच्या धुळीपासून. मध्ये कंपाउंडर आला, दारात उभा राहिला, "साब, पेशंट लई झालेत" म्हणाला. डॉक्टरांनी त्याला हाताने परत पाठवलं. थोड्या वेळाने तो पुन्हा आला आणि पुन्हा गेला. ऊन ओसरीवरून उतरून अंगणात गेलं, मी दोनदा चहा केला, आणि डॉक्टर एकदाही घड्याळाकडे न बघता ऐकत बसले. तिकडे रांगेत बाया उभ्याच असणार. मला काही त्यांचं कौतुक वाटलं नाही. वेळ होता तर. सगळ्यांकडेच असतो, फक्त तो कशावर घालवला हे सांगायची त्यांना लाज वाटते.

तिने कडी काढली की नाही, हे मी इथे लिहिणार नाही. ज्याला हवं असेल त्याने दोन तास काढून माझ्याकडे यावं.

सांगून झालं तेव्हा डॉक्टरांनी दुसरा भाग माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "दुसरी एखादी द्या."

"पुस्तकं खताच्या खोलीत आहेत. किल्ली चेअरमनांकडे."

"का?"

"समितीने खोली टँकरला दिली म्हणून. एकमताने. तुम्हीही मंजूर म्हणालात."

"मी?" त्यांचा चेहरा खरोखरच कोरा होता. "मला आठवतच नाही."

"तेव्हा कुठलं पान वाचत होता ते आठवतं का?"

"हो," ते लगेच म्हणाले. "बाहेरून बापाची हाक येते आणि तिचे दोन्ही हात अजून निळेच असतात, ते."

"तेव्हाच," मी म्हटलं.